कार्बनचं चाक आणि घाटाचा उतार

‘एवढे पैसे मोजून कार्बनची चाकं घेतली, मग ब्रेक माझ्या जुन्या सायकलीएवढाही का लागत नाही?’ सातारा-सांगलीकडच्या सायकलस्वारांच्या गप्पांत हा प्रश्न हमखास निघतो. विचारणाऱ्याची तक्रार खरी असते. सपाट रस्त्यावर त्याची चाकं उत्तम पळतात. यवतेश्वरचा किंवा पसरणीचा घाट उतरायला लागला की मात्र लिव्हर दाबल्यावर क्षणभर काहीच घडत नाही, मग एकदम पकड येते, मध्येच कर्कश आवाज सुटतो आणि पायथ्याशी थांबून रिमला बोट लावलं तर चटका बसतो. पावसात तो पहिला क्षण चांगलाच लांबतो.

पावसाचं वेगळं कारण आहे, त्याकडे नंतर येऊ. बाकीची बहुतेक लक्षणं उष्णतेतून येतात. उष्णता कुठे तयार होते, कुठे जाते आणि कुठे अडकते हे एकदा कळलं की ब्रेक सुधारायचे उपाय स्पष्ट दिसू लागतात, आणि त्यातले बरेचसे घरच्या घरी करता येतात. हे प्रकरण मुख्यतः रिम ब्रेकबद्दल आहे, म्हणजे ज्यात दोन पॅड चाकाची कड दोन्ही बाजूंनी दाबून धरतात. डिस्क ब्रेकसाठी पुढे एक स्वतंत्र भाग आहे.

१. पसरणी घाटात किती उष्णता तयार होते?

घाटाच्या माथ्यावरचं पाचगणी पायथ्याच्या वाईपेक्षा सुमारे साडेपाचशे मीटर उंचावर आहे. चढताना ही उंची आपण पायांच्या जोरावर कमावतो. उतरताना ती सगळी ऊर्जा परत मिळते आणि ती कुठेतरी खर्च व्हावी लागते, नाहीतर वेग वाढतच जातो. खर्चाच्या मोठ्या वाटा दोनच. एक हवेचा विरोध, दुसरी ब्रेक.

स्वार सत्तर किलोचा आणि सायकल, पाणी, सामान मिळून दहा किलो धरू. एकूण ८० किलो. याला गुरुत्वाकर्षणाचे ९.८ आणि उंचीचे ५५० मीटर यांनी गुणलं की सुमारे ४ लाख ३१ हजार ज्यूल होतात. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला साधारण ३ लाख १४ हजार ज्यूल लागतात. म्हणजे पाचगणीहून वाईला उतरताना आपण सव्वा लिटरहून जास्त पाणी उकळेल एवढी ऊर्जा मोकळी करतो.

ही सगळी उष्णता फक्त दोन रिममध्ये साठली असती तर काय झालं असतं? दोन्ही रिमचं वजन मिळून किलोभराच्या आसपास असतं. एक किलो ॲल्युमिनियम एक अंशाने तापायला सुमारे ९०० ज्यूल लागतात, कार्बनच्या रिमलाही जवळपास तेवढेच. भागाकार केला तर तापमान चारशे अंशांहून जास्त वाढायला हवं. प्रत्यक्षात तसं होत नाही, कारण ऊर्जेचा बराच भाग थेट हवेच्या विरोधात जातो आणि रिमला मिळालेली उष्णताही वारा सतत काढून नेत असतो. घाटातला ब्रेक टिकतो तो या वाऱ्यामुळे. पुढच्या प्रत्येक मुद्द्यात हे आकडे उपयोगी पडतील.

२. दोन्ही रिम तेवढीच उष्णता साठवतात, मग फरक कशात?

कार्बनचं चाक म्हणजे कार्बनच्या बारीक धाग्यांचे थर आणि त्यांना एकत्र धरून ठेवणारं रेझिन, बहुधा इपॉक्सी. भार पेलतात ते धागे. त्यांना जागच्या जागी ठेवतं ते रेझिन. धाग्यांना उष्णतेची फारशी पर्वा नसते. रेझिनला असते. विशिष्ट तापमानापलीकडे ते कडकपणा सोडून मऊ पडायला लागतं. साध्या इपॉक्सीच्या बाबतीत ही मर्यादा १२० ते १५० अंशांच्या आसपास येते. घाट उतरण्यासाठी खास बनवलेल्या रिममध्ये दोनशे अंशांपर्यंत आणि त्याहून वर टिकणारं रेझिन वापरतात. दोन चाकं बाहेरून सारखीच काळी दिसत असली तरी त्यांच्या किमतीत फरक का असतो, याचं एक मोठं कारण हे.

स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर आठवा. त्याचा काळा दांडा बेकेलाइटचा, म्हणजे तोही एका प्रकारच्या रेझिनचाच. भांडं रटरटत असलं तरी दांडा हातात धरता येतो, कारण रेझिनमधून उष्णता फार हळू सरकते. पण शेगडीची ज्योत चुकून त्याच दांड्यावर गेली की तेवढीच जागा करपते. उष्णता तिथून पुढे पसरत नाही म्हणून ती तिथेच साठते.

कार्बनच्या रिमवर नेमकं हेच घडतं. पॅड घासला जातो तो साधारण एक सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्यावर. ॲल्युमिनियमच्या रिममध्ये तिथली उष्णता लगेच आतल्या भिंतीपर्यंत आणि स्पोकच्या बाजूपर्यंत पसरते. सगळी रिम थोडी थोडी तापते आणि सगळीकडून निवते. कार्बनच्या थरांतून आरपार जाणारी उष्णता ॲल्युमिनियमच्या मानाने शंभरपटीहूनही हळू सरकते. त्यामुळे पन्नास मिलिमीटर खोलीच्या रिमचा खालचा भाग थंडगार आणि ब्रेकचा पट्टा भाजून निघालेला, असं सहज होतं.

त्यात नेमक्या त्याच जागी टायरही धरलेला असतो. टायरमधला दाब रिमची कड सतत बाहेर ढकलत असतो. उष्णतेने हा दाबही वाढतो. समजा २५ अंश तापमानाला पंपाच्या काट्यावर १०० पीएसआय भरले. हा काटा बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त दाब आहे तेवढंच दाखवतो, म्हणून त्यात वातावरणाचे १४.७ मिळवायचे. आतली हवा ७५ अंशांपर्यंत तापली तर काट्यावर जवळजवळ ११९ दिसतील. वाढलेला दाब आणि मऊ पडलेलं रेझिन एकत्र आले की रिमची कड बाहेर फुगते. उतारावर कार्बन रिम निकामी होण्याचा हा सर्वांत परिचित प्रकार आहे. म्हणूनच अनेक उत्पादक रिम ब्रेकच्या कार्बन चाकांत पातळ लेटेक्सची ट्यूब घालू नका, ब्युटाइलचीच घाला, असं बजावतात.

३. मग हे चाक घ्यायचंच कशाला?

याचं उत्तर सांगलीत सापडतं. सांगली, मिरज, तासगाव, इस्लामपूर या पट्ट्यात उसाच्या आणि द्राक्षबागांच्या मधून जाणारे रस्ते बहुतांश सपाट आहेत. सपाटीवर ताशी ३० किलोमीटरच्या पुढे गेलं की स्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. खोल, निमुळती रिम हवा कमी ढवळते आणि एवढी खोल रिम ॲल्युमिनियममध्ये केली तर जड होते. कार्बनमध्ये ती हलकी राहते. सांगलीच्या सपाटीवर दिवसभर सायकल चालवणाऱ्याने अशी चाकं घेतली तर तो निर्णय पूर्ण शहाणपणाचा आहे.

अडचण सुरू होते ती हीच सायकल रविवारी साताऱ्याकडे निघते तेव्हा. कृष्णा वाईहून सांगलीकडे वाहते. स्वार तिच्या उलट दिशेने निघाला की सपाटी संपते आणि घाट लागतात. यवतेश्वर चढून कास, ठोसेघरवरून चाळकेवाडीचं पठार, मेढ्याहून केळघरचा घाट, वाईहून पसरणी. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभारल्या आहेत, त्यावरून तिथल्या वाऱ्याचा अंदाज यावा. आडवा वारा खोल रिमला बाजूला ढकलतो, स्वार हँडल घट्ट आवळतो, आणि आवळलेल्या हातांनी ब्रेक नीट मोजून दाबता येत नाही. उथळ, म्हणजे तीस मिलिमीटरच्या आसपासची रिम या भागात मला कितीतरी जास्त योग्य वाटते. विशेषतः पुढच्या चाकाला, कारण वाऱ्याचा धक्का हँडलपर्यंत पोचतो तो तिथूनच.

४. सगळ्यात मोठा फरक पॅडमुळे पडतो

कुणी विचारलं की एकच गोष्ट बदलायची तर कोणती, तर माझं उत्तर ठरलेलं आहे: पॅड. आपल्याकडे दुकानात ‘ब्रेक रबर’ मागितलं की जे मिळतं ते ॲल्युमिनियमच्या किंवा लोखंडी रिमसाठी बनवलेलं असतं. कार्बनवर ते तापून चकाकतं, त्याचा चिकट काळा थर रिमवर बसतो आणि पकड आणखी घटते. काही रबरं कार्बनच्या पट्ट्यावर इतकी उष्णता निर्माण करतात की रिमचंच नुकसान होतं. कार्बनसाठीचे पॅड वेगळ्या मिश्रणाचे असतात: तापल्यावर न वितळणारे, आणि स्वतः झिजून रिमला जपणारे. कोरिमा ही फ्रेंच कंपनी तर बुचाचे पॅड देत आली आहे. स्विसस्टॉप, शिमानो, झिप, कॅम्पॅग्नोलो यांचेही कार्बनसाठी वेगळे पॅड मिळतात.

यातला ‘सर्वांत चांगला’ कोणता, हा प्रश्न सोडून द्यावा. रिमच्या उत्पादकाने जो पॅड सांगितला आहे तो वापरावा. त्याने आपल्या रेझिनवर त्याच पॅडची चाचणी घेतलेली असते, आणि दुसरा पॅड वापरला तर वॉरंटी मिळत नाही अशी अट बहुतेक ठिकाणी असते. काही रिमवर ब्रेकचा पट्टाच वेगळा केलेला असतो. झिपने एका मालिकेत त्या पट्ट्यावर सिलिकॉन कार्बाइडचे कण आणि बारीक खाचा दिल्या. इतर काही कंपन्यांनी गुळगुळीत लेप टाळून पृष्ठभाग खरखरीत ठेवला. अशा पट्ट्यावर ओल्या हवामानातही पकड लवकर येते. मात्र तिथे चुकीचा पॅड बसवला तर तो थोड्याच दिवसांत खलास होतो.

आता एक तपासणी करून पाहा. एरवी सरावाला ॲल्युमिनियमची चाकं आणि स्पर्धेला कार्बनची, पण पॅड तेच, असं बरेच जण करतात. पॅड बाहेर काढा, उन्हात धरा आणि हळूहळू तिरका करा. काळ्या पृष्ठभागात चांदीसारखे बारीक ठिपके चमकताना दिसले तर ते ॲल्युमिनियमचे कण आहेत. जुन्या रिमवरून ते निघाले आणि रबरात रुतून बसले. कार्बनवर हे कण प्रत्येक फेऱ्यात चरे पाडतात. सुईच्या टोकाने ते उकरून काढता येतात, पण खात्रीचा उपाय एकच: दोन प्रकारच्या चाकांना दोन वेगळे पॅडसंच.

कासच्या रस्त्यावरून आलेल्या सायकलीच्या पॅडमध्ये आणखी एक गोष्ट सापडते, तांबूस कच. कास आणि पाचगणीची पठारं जांभ्या दगडाची. जांभ्यात लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं असतात आणि पावसात त्याचा लाल चिखल रस्त्यावर येतो. ओल्या पॅडला तो लगेच चिकटतो. परत आल्यावर चाकावर पाणी ओतून आधी हा गाळ जाऊ द्यावा, मगच फडकं लावावं. कोरडं फडकं फिरवलं तर तोच गाळ रिमवर घासला जातो.

नवा पॅड बसवण्याआधी रिमचा पट्टा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या स्वच्छ कापडाने पुसावा. कापड काळं होईनासं झालं की पुरे. चकाकलेल्या पॅडचा वरचा थर सपाट जागी ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासून काढता येतो. रिमवर मात्र पॉलिश पेपर कधीही लावू नये. तिथे थोडंसं घासलं तरी रेझिनचा थर जाऊन धागे उघडे पडू शकतात. चेनला तेल सोडताना किंवा फवारताना एक थेंबही रिमवर उडू देऊ नये. मग सपाट, मोकळ्या रस्त्यावर दहा-पंधरा वेळा वेग घेऊन सावकाश कमी करावा, म्हणजे पॅडचा पृष्ठभाग रिमच्या आकाराला बसतो. यासाठी सांगलीचा एखादा रिकामा रस्ता उत्तम. नवे पॅड घालून थेट यवतेश्वर उतरू नये.

५. बसवणं, केबल आणि रिमची रुंदी

पॅड पूर्ण उंचीने पट्ट्यावरच टेकला पाहिजे. वर सरकला तर टायरची कड कापतो. खाली गेला तर त्याला ओठासारखी कड तयार होते आणि तो पट्ट्याखालच्या नाजूक भागावर घासतो. रिमच्या वरच्या कडेपासून एक मिलिमीटर जागा सोडावी. आवाज येत असेल तर पॅडची पुढची बाजू आधी टेकेल असा अगदी किंचित कल द्यावा. त्यासाठी पॅडच्या मागच्या टोकाखाली एक व्हिजिटिंग कार्ड ठेवायचं, लिव्हर दाबून धरायची, बोल्ट आवळायचा आणि कार्ड काढून घ्यायचं.

जुन्या सायकलीत नवी चाकं टाकणाऱ्यांना रुंदीचा प्रश्न येतो. पूर्वीच्या रिम बाहेरून वीस-बावीस मिलिमीटर असत. आताच्या पंचवीस-अठ्ठावीसच्या असतात. पॅड धरणारं तेच कॅलिपर रुंद रिमवर बसवलं की त्याचे हात जास्त उघडे राहतात, पॅड तिरका टेकतो आणि जोर कमी पडतो. केबल सोडून पुन्हा बांधावी, पॅडचा कोन नव्याने लावावा, आणि कॅलिपर पुरेसं उघडतच नसेल तर ते बदलावं. रिम रुंद म्हणून नुसता ॲडजस्टर सैल करून भागवणं धोक्याचं आहे.

केबलकडे सहसा कुणी बघत नाही. आवरणात धूळ आणि गंज गेला की बोटांचा जोर घर्षणातच संपतो. मागच्या ब्रेकची केबल लांब आणि वळणावळणाची, म्हणून तिथे हे जास्त जाणवतं. दाबल्यावर न आखडणारं, सरळ तारांचं आवरण आणि नवी केबल एवढ्यानेही लिव्हरला नेमकेपणा येतो. आणि उतारावर हँडलचा खालचा भाग धरून ब्रेक लावावा. तिथून बोट लिव्हरच्या टोकाला पोचतं, बिजागरीपासून लांब, त्यामुळे त्याच ताकदीत ब्रेक जास्त दाबला जातो.

पुढच्या ब्रेकची भीती बऱ्याच जणांच्या मनात लहानपणापासून असते. पण वेग कमी होऊ लागला की शरीराचा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचं चाक हलकं होतं. कोरड्या रस्त्यावर थांबण्याचं मुख्य काम पुढचा ब्रेकच करतो. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला दहा मीटर. दोन्ही ब्रेक नीट लागले तर सेकंदाला पाच मीटरने वेग कमी करता येतो. मग थांबायला दहा मीटर लागतात. फक्त मागच्या ब्रेकवर याच्या निम्मा परिणाम मिळाला तर वीस. या दोन्हींत ब्रेक दाबण्याआधी विचारात गेलेला एक सेकंद, म्हणजे आणखी दहा मीटर, मिळवायचे.

६. पाऊस

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सांगलीच्या पूर्वेकडच्या जतसारख्या तालुक्यांत तो पाचशेच्या आसपास. एकाच नदीच्या खोऱ्यात एवढा फरक. जतच्या माळावर जो ब्रेक वर्षभर छान चालला, त्याची परीक्षा जुलैत केळघरच्या घाटात होते.

ओल्या रिमवर पॅड आणि कार्बन यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर असतो. पॅडला आधी तो पुसावा लागतो. चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर, ताशी ३६ किलोमीटरला चाक सेकंदाला जवळजवळ पाच फेरे घेतं. पाणी पुसण्यात पाच फेरे गेले तर दहा मीटर अंतर गेलं, आणि तोवर ब्रेक लागलेलाच नाही. त्यानंतर पट्टा कोरडा झाला की पकड एकदम येते. घाबरून लिव्हर पूर्ण दाबलेली असेल तर याच क्षणी चाक अडकून घसरतं.

पूर्वीच्या रॉड ब्रेकच्या सायकलींच्या चकचकीत लोखंडी रिमवर पावसात हाच अनुभव येई, आणि जुनी माणसं त्यावरचा उपाय जाणत: वळण दिसायच्या बरंच आधी ब्रेक हलकेच टेकवून रिम पुसून घ्यायची. कार्बनवर अगदी तेच करावं. पावसात उतरताना मधूनमधून पॅड हलके टेकवावेत, आणि खरा ब्रेक नेहमीपेक्षा लवकर, हळूहळू वाढवत लावावा. ढगांत बुडालेल्या पठारावर पुढचं काही दिसत नसेल तर वेगच इतका कमी ठेवावा की दिसतं तेवढ्या अंतरात थांबता येईल.

७. घाट कसा उतरावा

इथे नवख्यांची पंचाईत होते. काळजी घ्यायची म्हणून ते घाटभर ब्रेक हलका दाबून ठेवतात, आणि रिमला सर्वांत जास्त त्रास त्यानेच होतो. कसा, ते पाहू.

शंभर मीटरला सात मीटर उताराचा चार किलोमीटरचा तुकडा घेऊ. तेच ८० किलो. ताशी २० किलोमीटरचा वेग कायम ठेवला तर दर सेकंदाला गुरुत्वाकर्षण सुमारे ३०० ज्यूल देतं, हवा आणि टायर मिळून साठेक खातात, उरलेले साधारण २४५ ब्रेकवर येतात. हा तुकडा बारा मिनिटांत संपतो. म्हणजे ब्रेकमध्ये एकूण पावणेदोन लाखांहून जास्त ज्यूल गेले. आता तोच तुकडा ताशी ४० ने. गुरुत्वाकर्षण दुप्पट देतं, पण हवेचा विरोध वेगाबरोबर झपाट्याने वाढतो आणि एकटी हवाच तीनशेच्या आसपास खाते. ब्रेकवर सेकंदाला २६५ येतात, म्हणजे जवळपास तेवढेच. पण वेळ सहाच मिनिटं. एकूण उष्णता सुमारे निम्मी झाली, आणि रिमवरून वाहणारा वाराही दुप्पट.

याचा अर्थ घाटात सुसाट जावं असा अजिबात नाही. वळणात जायचा वेग वळणच ठरवतं. पण दोन वळणांमधल्या सरळ, मोकळ्या, समोरचं दिसणाऱ्या तुकड्यात सायकल सोडावी, अंगाने हवा अडवायला उठून बसावं, आणि वळणाच्या आधी, सायकल सरळ असतानाच, थोडा वेळ पण खणखणीत ब्रेक लावून वेग पाडावा. मग लिव्हर सोडून द्यावी. सोडलेल्या त्या सेकंदांत रिम निवते. दोन्ही ब्रेक आलटून पालटून जास्त-कमी दाबले तर प्रत्येक चाकाला अशी उसंत मिळते.

पसरणी घाटात महाबळेश्वरकडच्या पर्यटकांची रीघ असते. उतरताना पुढे एसटी किंवा टुरिस्ट बस आली की आपण तिच्यामागे ताशी पंधरा-वीसने, ब्रेक दाबून, धूर खात उतरतो. वरच्या हिशेबातली ही सर्वांत वाईट स्थिती आहे. ओव्हरटेक करण्यापेक्षा रस्त्याच्या कडेला मोकळ्या, सुरक्षित जागी थांबावं आणि बस पुढे जाऊ द्यावी. पाच मिनिटांत रिम हात लावण्याइतकी निवते. तोवर खालचं वाई आणि धोम धरणाचं पाणी बघायला मिळतं.

वजन जास्त असेल, पाठीवर सामान असेल किंवा घाट अनोळखी असेल, तर त्या दिवशी ॲल्युमिनियमची चाकं लावावीत. असं करण्यात कमीपणा नाही.

८. डिस्क ब्रेक

डिस्क ब्रेकने हा प्रश्न मुळापासून हलवला. ब्रेकची उष्णता रिमवर न होता हबजवळच्या पोलादी चकतीवर होते. पोलादाला शेकडो अंश तापमान सोसतं, शेजारी टायर किंवा रेझिन नसतं, आणि चकती रस्त्यापासून उंच असल्याने पाणी-चिखलही कमी लागतो. रिमला ब्रेकचा पट्टाच नको, म्हणून ती आणखी हलकी किंवा हवेला अनुकूल बनवता येते.

आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने व्यावसायिक रस्त्याच्या शर्यतींत डिस्क ब्रेकच्या चाचण्या २०१५ मध्ये सुरू केल्या. २०१६ च्या पॅरिस-रूबे शर्यतीत एका स्वाराच्या जखमेचा दोष डिस्कला दिला गेल्यावर त्या थांबवल्या, २०१७ मध्ये पुन्हा सुरू केल्या आणि १ जुलै २०१८ पासून पूर्ण परवानगी दिली. जुलै २०१७ मध्ये जर्मनीच्या मार्सेल किटेलने टूर द फ्रान्सचा टप्पा डिस्क ब्रेकच्या सायकलवर जिंकला. त्यानंतर नव्या महागड्या रस्ता-सायकली जवळजवळ सगळ्या डिस्कवर गेल्या.

रिम ब्रेकच्या सायकलीला मात्र नुसतं चाक बदलून डिस्क लावता येत नाही. फ्रेम आणि पुढचा चिमटा यांना कॅलिपर बसवायची जागा असावी लागते. शिवाय डिस्कलाही काळजी लागते. नवे पॅड आधी बसवून घ्यावे लागतात: ताशी तीसवरून पाचपर्यंत, चाक न अडकवता, वीसेक वेळा वेग पाडायचा. चेनचं तेल किंवा फवारा चकतीवर उडाला तर पॅड तेल पितो आणि बदलावाच लागतो. शिमानोच्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं. स्रामच्या रस्ता-सायकलींवर बहुधा डॉट फ्लुइड. एकाच्या जागी दुसरं भरलं तर आतली रबरी सील खराब होतात. मोटरसायकलच्या गॅरेजात ब्रेक ऑइल सहज मिळतं, पण म्हणून ते डोळे झाकून भरू नये.

९. जुनी चाकं विकत घेताना

लोक डिस्ककडे वळले तशी रिम ब्रेकची कार्बन चाकं जुन्या बाजारात दिसू लागली, आणि आपल्याकडची होतकरू मुलं ती स्वस्तात मिळतात म्हणून घेतात. घ्यावीत, पण तपासून.

टायर काढायला लावावा. ब्रेकच्या पट्ट्यावरून अंगठा आणि तर्जनी दोन्ही बाजूंनी धरून चाक पूर्ण फिरवावं, डोळे मिटून फिरवलं तर आणखी चांगलं. कुठे फुगवटा किंवा लहर लागली तर ते चाक सोडून द्यावं. शक्य असेल तर व्हर्नियर कॅलिपरने दहा-बारा ठिकाणी रुंदी मोजावी. इंजिनीअरिंगच्या कोणत्याही मुलाकडे किंवा लेथच्या दुकानात तो मिळतो. एकाच जागी रुंदी जास्त भरली तर तिथे रेझिन एकदा मऊ पडून गेलं आहे. पट्ट्याची चमक जाऊन विणलेले धागे उघडे दिसत असतील, कडेजवळ केसासारखी भेग असेल, नखाने टकटक केल्यावर एका जागी बद्द आवाज येत असेल, तरी ते घेऊ नये.

वापरातल्या चाकाची हीच तपासणी प्रत्येक मोठ्या घाटानंतर करावी. उतरताना लिव्हर एका लयीत हाताला धक्के देऊ लागली आणि ते आधी जाणवत नव्हते, तर लगेच थांबावं. रिमची रुंदी एका जागी बदलल्याचं ते चिन्ह असू शकतं. फुगलेली कड पुन्हा दाबून सरळ होत नाही. मऊ पडून पुन्हा कडक झालेल्या थरांमध्ये आत फटी राहतात, आणि त्याच जागी टायरचा दाब पुढच्या उतारावर पुन्हा येणार असतो. असं चाक घाटातच काय, सांगली-मिरज रस्त्यावरही फिरवू नये. हब आणि स्पोक चांगले असतील तर ते वाचवून त्याच भोकांची नवी रिम बांधून घेता येते.